महामार्ग बंद, उद्यमनगर चालू

ऑगस्ट 2019. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांवर गेली होती. तिथं धोक्याची पातळी 43 आहे. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली, शहरात पेट्रोल-डिझेलचा खडखडाट. उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडं पाणी असताना घरोघरचे नळ कोरडे पडले.

मी उद्यमनगरात, म्हणजे शहरातल्या छोट्या कारखान्यांच्या वस्तीत, टर्नर; लेथवर धातू कातायचं काम. त्या सकाळी एका टँकरवाल्यानं पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं पात्यांचं चाक, आमच्या लेथवर आणून ठेवला. विहिरीवरून टँकर भरायचा तो पंप, आणि इंपेलरची दोन पाती तुटलेली. नवा पुण्याहून मागवायचा, तर रस्ताच नाही.

"पुणं कशाला पायजे? गल्लीत हुतंय की," तात्या म्हणाले. शॉपमधले सगळ्यात जुने फिटर.

पलीकडच्या गल्लीतल्या पॅटर्नवाल्यानं (वाळूत साचा उठवायचा नमुना करणारा) तुटक्या पात्यांच्या जागी लाकूड बसवलं आणि सगळ्यावर पुट्टीचा पातळ थर दिला. गनमेटल, म्हणजे तांबं-कथलाचा मिश्रधातू, थंड होताना आकसतं; जुना तुकडा तसाच वाळूत दाबला असता तर कास्टिंग लहान आलं असतं. फौंड्रीत धातू संपलेला. मग शेजारच्या शॉपांतून गनमेटलचा बुरा, झिजलेले बुश, मोडके व्हॉल्व्ह गोळा केले. टेम्पोत डिझेल नव्हतं. तात्यांनी भिंतीशी पडलेला हातगाडा ओढून काढला.

गाडा ढकलता ढकलता तात्या बोलत होते. त्यांच्या उमेदीत टेम्पो मोजकेच. रेल्वे इथं 1891 साली आली. मीटरगेजच्या काळात मालधक्क्यावर उतरलेलं बीड (ओतायचं लोखंड) आणि कोक बैलगाडीनं यायचं. पावसात परीख पुलाखाली पाणी साचलं की गाड्या अडायच्या. (तो पूल अजून तसाच तुंबतो, पिढ्या बदलल्या तरी.) तयार ऑइल इंजिनही बैलगाडीवरच चढायचं आणि गुऱ्हाळाकडं नाहीतर विहिरीवर जायचं. कामगार चालत किंवा सायकलीवर. 1906 साली स्थापन झालेल्या शाहू मिलचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरायचा. केएमटीच्या, म्हणजे पालिकेच्या, बस 1962 पासूनच्या. नंतर लुना आल्या, रिक्षा आल्या, खेड्यांतल्या पोरांसाठी वडाप (खासगी प्रवासी जीप) आलं आणि शेवटी छोटा हत्ती, म्हणजे लहान मालवाहू टेम्पो.

"पर जॉब कधी बसनं गेला न्हाई," तात्या म्हणाले. "जॉब चालतच जायचा." जॉब म्हणजे घडवायला आलेला भाग.

हे मला त्या दिवशी हातानं कळलं. पॅटर्न, ओतकाम, टर्निंग, स्लॉटिंग, सगळं हाकेच्या अंतरावर. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसींत मोठे कारखाने गेले ते योग्यच झालं. तेवढी जागा आणि ट्रक इथं मावले नसते. पण तिथं एका शेडमधून दुसऱ्या शेडला जायचं तरी बऱ्याचदा गाडी काढावी लागते. उद्यमनगरात गाळा पाडून दुकानं उठतात तेव्हा या साखळीतली एक कडी जाते. त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुपारी कास्टिंग आलं, अजून कोमट. मी बोअर काढलं, फेस मारला. किवे, म्हणजे शाफ्टची चावी बसायची खाच, पाडायला मुलगा सायकलच्या कॅरिअरवर जॉब बांधून स्लॉटिंगवाल्याकडं गेला. परत आल्यावर तात्यांनी इंपेलर शाफ्टवर चढवून दोन समांतर पट्ट्यांवर ठेवला. जड बाजू दरवेळी खाली यायची. त्या बाजूचं थोडं घासायचं, पुन्हा फिरवून बघायचं. कुठंही थांबवला तरी जागचा हलेना, तेव्हाच त्यांनी मान डोलवली.

दिवेलागणीला पंप सुरू झाला. टँकर भरून राजारामपुरीकडं निघाला. धातू वर्गणीचा, म्हणून मालकांनी फक्त कोकचे पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी अजून एक टँकरवाला दारात उभा होता, त्याच्या पंपाचा शाफ्ट वाकला होता.