डेल्फीला आमच्या आजींना लायसन्स विचारलं त्या दिवशी

मी टूर मॅनेजर आहे, बारा वर्षं झाली. लोकांना वाटतं हा फुकटात जग फिरतो, प्रत्यक्षात माझी निम्मी नोकरी म्हणजे बसमध्ये डोकी मोजणं आणि पुढचं टॉयलेट किती किलोमीटरवर आहे ते सांगणं. ग्रीसच्या रोड टूरमध्ये अजून एक काम वाढतं, लोकांना दगडांचा कंटाळा येऊ न देणं. अथेन्सहून निघायचं, कॉरिंथचा कालवा, एपिडॉरस, मायसिनी, ऑलिम्पिया, मग समुद्रावरचा पूल ओलांडून डेल्फी आणि शेवटी मीटिओराचे मठ. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे फोटो काढतात, चौथ्या दिवशी मागच्या सीटवरून आवाज येतोच, "सर, आज पण खांबच का?"

ही गोष्ट २०१९ च्या दिवाळीतली. चौतीस जणांचा ग्रुप, पुणे, ठाणे, सातारा आणि सावंतवाडीकडच्या एक आजी, वय बहात्तर, सोबत सून. मायसिनीचं सिंहद्वार सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं, त्याच्याखाली उभं राहून ठाण्याच्या एक काकू मला म्हणाल्या, रायगडाचा महादरवाजा बघितलायत का, त्यापुढे हे काय. आता काय बोलणार. एपिडॉरसच्या थिएटरात जरा जान आली कारण खाली मधोमध कोणी नाणं टाकलं की वर शेवटच्या रांगेत ऐकू येतं, मग प्रत्येकाने नाणं टाकून बघितलं, एकाने नाट्यगीत म्हटलं, बास. त्या नाट्यगृहाशेजारीच आजारी माणसं येऊन देवळात झोपायची आणि वैद्यदेव अॅस्क्लेपियस स्वप्नात येऊन बरं करायचा, हे मी जीव तोडून सांगत होतो तेव्हा अर्धे लोक आइस्क्रीमच्या लायनीत.

तर २८ ऑक्टोबर, सोमवार, आपला पाडवा. आदल्या रात्री ऑलिम्पियाच्या हॉटेलात लक्ष्मीपूजन केलं होतं, बॅटरीच्या पणत्या लावून, कारण उदबत्ती लावली की स्मोक अलार्म वाजतो हे मी एकदा चांगलं भोगलंय. आदल्या पहाटेच युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली होती, मी सगळ्यांना सांगितलं होतं, तरी साताऱ्याच्या काकांनी हातातलं घड्याळ काही बदललं नव्हतं, ते पहाटे साडेपाचला आंघोळ करून, टोपी घालून माझ्या दारावर. म्हटलं काका, झोपा अजून एक तास.

मला त्या दिवसाची धास्ती वेगळ्याच कारणासाठी होती. २८ ऑक्टोबर ग्रीसमध्ये राष्ट्रीय सुट्टी, 'ओही' म्हणजे 'नाही' चा दिवस. १९४० साली मुसोलिनीने आमचं सैन्य आत येऊ द्या म्हणून अल्टिमेटम पाठवला, पहाटे तीनच्या सुमाराला इटलीचा राजदूत पंतप्रधान मेटाक्सासच्या घरी तो घेऊन गेला आणि उत्तर मिळालं, 'नाही'. त्या दिवशी गावोगावी शाळेच्या पोरांची परेड असते आणि सरकारी साइट्सना प्रवेश फुकट असतो. फुकट प्रवेश आपल्या फायद्याचा, परेड नाही.

पूल मस्त झाला. रिओ-अँटिरिओ, २,८८० मीटर, २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या तोंडावर सुरू झाला, त्याआधी सगळा मामला फेरीबोटीचा. पण पुढे किनाऱ्यावरच्या एका गावात बस थांबली ती थांबलीच. रस्ता बंद, पोलीस शांतपणे हात दाखवतोय, समोरून बँड आणि पांढऱ्या शर्टातली पोरं, पुढे झेंडा धरलेली मुलगी, वर्गात पहिली येणाऱ्याला तो मान मिळतो असं ड्रायव्हरने सांगितलं. आमची मंडळी खाली उतरून टाळ्या वाजवायला लागली, कोणीतरी फराळाचा डबा उघडला, दोन ग्रीक आज्या आमच्या चकल्या खाताना मी बघितल्या. छान होतं सगळं पण माझ्या डोक्यात फक्त टायमिंग. ऑक्टोबरअखेर साइट्स उन्हाळ्यासारख्या रात्री आठपर्यंत उघड्या नसतात आणि सूर्य साडेपाचलाच जातो. ड्रायव्हर मात्र खूश, त्याने मशीनवर विश्रांतीची वेळ सुरू केली आणि सिगरेट पेटवली. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबावंच लागतं तिकडे, टॅकोग्राफवर, म्हणजे गाडी चालवल्याचे तास मोजणाऱ्या त्या मशीनवर, सगळी नोंद होते, आमच्या घाईने काही हलत नाही.

सव्वा तास गेला. मग जेवण, मग टॉयलेट, मग कोणाचा तरी चष्मा जेवणाच्या टेबलावर राहिला. डेल्फीला पोचलो तेव्हा साइट बंद व्हायला जेमतेम सव्वा तास. म्युझियम गेलं हातातून, तिथे तो ब्रॉन्झचा सारथी आहे, जवळपास अडीच हजार वर्षांचा, काचेचे डोळे अजून शाबूत, तो बघायला एक सर खास पुण्याहून आले होते. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलो नाही.

गेटवर आमची लोकल गाइड वाट बघत होती. इथे एक नियम सांगायला हवा, ग्रीसमध्ये अशा साइटवर माहिती सांगायचा हक्क फक्त सरकारी लायसन्सवाल्या गाइडला, माझ्यासारख्याने आत शहाणपणा केला तर दंड. म्हणून ती इंग्लिशमध्ये बोलणार आणि मी शेजारी उभा राहून हळू आवाजात मराठी करणार, तेवढं चालवून घेतात.

वर चढणारी वाट गुळगुळीत दगडांची, आजी स्पोर्ट्स शूज आणि नऊवारी नाही पण कडक सुती पाचवारी अशा अवतारात सगळ्यांच्या पुढे. वाटेत एक शंकूसारखा दगड लागतो, ती पृथ्वीची नाभी. ग्रीक देवांचा राजा झ्यूस, त्याने जगाच्या दोन टोकांकडून दोन गरुड सोडले ते इथे येऊन भेटले. गाइडचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत सात-आठ जणांनी नमस्कार केलेला, दगडाचा आकार बघता दुसरं काय होणार.

मग अपोलो देवाचं देऊळ. सहा खांब उभे, बाकी नुसता चौथरा. मनात म्हटलं झालं, आता कंटाळणार. गाइड सांगायला लागली, इथे आत तिवईवर पिथिया, म्हणजे इथली पुजारीण, बसायची, तिच्या अंगात देव यायचा आणि लोकांच्या प्रश्नांना ती उत्तरं द्यायची. आधी तरुण मुलगी बसवायचे, पुढे पन्नाशी ओलांडलेली बाई बसवायला लागले. मी हे मराठीत केलं आणि मागून आजींचा आवाज आला, "अरे, म्हंजे ह्यो आमचो कौलच मां? नि बाई पन्नाशीचीच व्हयी, पोरीटोरींचा काम नाय ता."

गाइडने विचारलं काय म्हणाल्या. मी सांगितलं. ती हसली आणि पुढचं सांगितलं, की प्रश्न विचारायच्या आधी एका बकऱ्यावर थंड पाणी शिंपडायचे, ते पायापासून थरथरलं तर देव बोलायला तयार, नाही थरथरलं तर त्या दिवशी काम बंद. हे मराठीत सांगताना मला स्वतःलाच कसंतरी झालं, कारण साताऱ्याचे काका टोपी सरळ करून ओरडलेच, "अहो आमच्या जत्रेत काय करतात मग! बोकडावर पाणी मारायचं, त्यानं अंग झाडलं की देवाला मान्य!" बारा वर्षं मी हे बकऱ्याचं ऐकतोय आणि बारा वर्षं आमच्या मामाच्या गावची जत्रापण बघतोय, दोन्ही एकत्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

तिथून ग्रुप माझ्या हातात राहिला नाही. लिडियाचा राजा क्रीसस, त्याची गोष्ट आली, नदी ओलांडलीस तर एक मोठं साम्राज्य बुडेल असा त्याला कौल मिळाला, तो खुशीत इराणवर चालून गेला आणि बुडालं ते त्याचंच. "नरो वा कुंजरो वा," पुण्याचे सर म्हणाले, म्युझियमचा राग विसरून. महिन्यातून एकच दिवस कौल मिळायचा आणि हिवाळ्याचे तीन महिने अपोलो इथे नसायचाच म्हटल्यावर आजी, "मगे देव खंय जाता? गावपळणीक?" आता ठाण्याच्या काकूंना गावपळण माहीत नव्हती, तर आजी तिथेच चौथऱ्याकडे तोंड करून समजवायला लागल्या, की आचऱ्याला रामेश्वराचा कौल घेऊन सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहायला जातो, आणि कौल कसा लावतात, गुरव देवाला ओले कळे कसे चिकटवतो, उजवीकडचा आधी पडला तर काय, डावीकडचा पडला तर काय. हातवारे करून. चौतीस माणसं गोल करून ऐकतायत, कोणी मोबाइल काढत नाहीये.

आणि साइटचा गार्ड आला. त्याला बिचाऱ्याला लांबून दिसलं ते असं, की साडीतली एक बाई मोठ्याने देवळाची माहिती देतेय, तीसेक लोक ऐकतायत आणि तिच्या गळ्यात गाइडचा बिल्ला नाही. तो सरळ आजींसमोर उभा राहिला, "लायसन्स?"

"माका कित्याक व्हया लायसन?" आजी म्हणाल्या.

आमच्या गाइडला हसू आवरेना. ती त्याला ग्रीकमध्ये समजावतेय, तो भुवया चढवून ऐकतोय, मध्येच तिने कळे पडतात तसं बोटांनी करून दाखवलं. मग तो काहीतरी बोलला, तिने मला सांगितलं, की ह्याची आजी कॉफी प्यायल्यावर कप उपडा करून खाली राहिलेल्या गाळात भविष्य बघायची. मी ते मराठीत केलं. आजींनी मान हलवली, कप चालतो अशा अर्थाने. गार्डने घड्याळ बघितलं, शिटी फुंकली आणि सगळ्यांना बाहेर काढलं, आजींसकट.

वरचं थिएटर राहिलं, म्युझियम राहिलं. बसमध्ये एका गृहस्थांनी हिशोब काढला की प्रवेश फी इन्क्लुडेड लिहिली होती आणि आज तर फुकट होतं, मग ते पैसे परत कधी. ऑफिसला कळवतो म्हटलं. कळवलंही.

रात्री हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये पाडव्याची ओवाळणी झाली, परत बॅटरीच्याच पणत्या, खिडकीतून खाली दरीत ऑलिव्हची झाडं आणि लांब समुद्राकाठचे दिवे. आजी एकट्याच खिडकीशी बसल्या होत्या. गाइडने जाताजाता सांगितलं होतं की इथे राजेरजवाडे यायचे तसे साधे लोकही यायचे, लग्न करू का, प्रवासाला निघू का, पैसे उसने देऊ का असलं विचारायला. मी सहज विचारलं, आजी, तुम्ही काही विचारलंत की नाही?

"इचारलंय," त्या म्हणाल्या. "पण कळे लावूक हंय कोण नाय, मगे उत्तर कोण देतलो?"

काय विचारलं ते मी विचारलं नाही. त्यांनी चहा संपवला, कपाकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, सकाळी किती वाजता उठायचा? साडेसहा, मी म्हटलं, नव्या टायमाने.