मॅन पेजमधली एक ओळ आणि मॅक्रोचे कंस

सोलापुरात सी शिकणाऱ्या पोरांनो, टर्मिनलमध्ये 'मॅन प्रिंटएफ' मारलं (मॅन ही कमांड माहितीची पानं, म्हणजे मॅन पेज, दाखवते) की शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप करायच्या, प्रिंटएफ कमांडचं पान उघडतं. ते या पानांच्या विभाग १ मध्ये आहे. सीचं फंक्शन हवं तर 'मॅन ३ प्रिंटएफ'.

मॅक्रो म्हणजे कंपाइल होण्याआधी नावाच्या जागी नुसता त्याच्या व्याख्येचा मजकूर टाकणं. गठ्ठ्यात ४ चादरी म्हणून न गठ्ठ्यांसाठी मॅक्रोची व्याख्या 'न * ४' केली आणि न म्हणून '२ + ३' दिलं, तर २० ऐवजी १४ येतात, कारण गुणाकार आधी होतो. न भोवती कंस हवा, अख्ख्या व्याख्येभोवतीही हवा. जीसीसीला, म्हणजे सीच्या कंपायलरला, मायनस कॅपिटल ई द्या, मॅक्रोच्या जागी आलेला मजकूर समोर दिसतो.

कंसांनीही न सुटणारी अडचण 'गेटसी'च्या (फाइलमधून एक अक्षर वाचणाऱ्या फंक्शनच्या) मॅन पानावर एका ओळीत आहे, आणि नेमकी तीच वाचायची राहते: हे मॅक्रो असू शकतं, त्यात स्ट्रीमचं, म्हणजे दिलेल्या फाइलच्या पॉइंटरचं, मूल्य एकाहून जास्त वेळा काढलं जाऊ शकतं. तिथे प्लस प्लस लावलेला पॉइंटर दिला, तर तो दोनदा सरकू शकतो. अशा जागी 'एफगेटसी'च वापरा.