तुम्ही विचारलंत म्हणून: बॅकअप तर ऑन होता, मग फोटो गेले कुठे?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतोच. कधी जिन्यात, कधी हळदीकुंकवाला वाण हातात घेऊन उभी असताना, आणि विचारणारी प्रत्येक बाई आधी माझ्या हातात स्वतःचा फोन देते, लॉकसुद्धा उघडून. मी एका सीएच्या ऑफिसात वीस वर्षं हिशोब बघते, एवढ्यावरून आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात ठरलेलं आहे की मला फोनमधलं सगळं कळतं. कळत नव्हतं. आमच्या भाऊजींमुळे शिकावं लागलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. रंगपंचमीला टोरी कॉर्नरच्या गेरबरोबर, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीबरोबर, राजवाड्यापर्यंत चालत जायचं हे त्यांचं कॉलेजपासूनचं व्रत. त्या वर्षी फोन दुधाच्या पिशवीत घालून वर रबर बँड लावलेला, आणि टँकरच्या मोटरीतून रंगाचं पाणी वरच्या मजल्यांवर फेकतात तिथे खाली उभ्या माणसाच्या खिशातल्या दुधाच्या पिशवीचं काय होणार? घरी आले तेव्हा चार्जिंगच्या भोकात गुलालाचा लगदा. जेल रोडवर मोबाइल मार्केटमध्ये गेले, तर दुकानवाल्याने फोन उघडून एकदाच बघितलं आणि म्हणाला, "बोर्ड गया भैया." तरी भाऊजी निवांत, कारण बॅकअप ऑन होता.

नवीन फोन घेतला, तोच ईमेल टाकला, कॉन्टॅक्ट आले, अॅप आले, जुने एसएमएससुद्धा आले. फोटोही आले, पण श्रावणापर्यंतचे. त्यानंतर काही नाही. आणि मार्गशीर्षात नानांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालेलं. "वहिनी, काय होऊन राहिलं हे? बॅकअप तर ऑन होता!"

होता ना. मी स्वतः सेटिंगमध्ये बघितलं, बटण निळं होतं. पण बटण निळं असणं आणि फोटो वर, म्हणजे इंटरनेटवर गुगलकडे, जात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुगल फुकट देतं ती जागा 15 जीबी, आणि ती एकट्या फोटोंची नाही, ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून. पूर्वी फोटो थोडे लहान करून कितीही ठेवता यायचे, ते 1 जून 2021 पासून बंद झालं, त्या तारखेनंतर चढवलेला प्रत्येक फोटो त्या 15 मध्ये मोजतात. त्यात अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचा बॅकअपसुद्धा आधी मोजत नसत, आता मोजतात, आणि भाऊजींच्या व्हॉट्सअॅप बॅकअपमध्ये व्हिडिओ टिक केलेले, म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवरची सगळी भजनं आणि भांडणं त्यात. श्रावणात जागा भरली. त्यानंतर फोटो जायचे थांबले, व्हॉट्सअॅपचा बॅकअप थांबला, आणि फोन रोज सांगत होता की जागा भरली, आणि भाऊजी रोज बोटाने ती सूचना बाजूला सारत होते. पैसे भरून जागा वाढवा म्हटलं तर नको, आणि सराफ्यातल्या खाऊगल्लीत एका रात्री तिघांत तळलेलं गराडू आणि जलेबी खातात त्याचा हिशोब मी कधी विचारला नाही.

बरं, जागा असती तरी सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो गुगल फोटोजमध्ये आले नसतेच, आणि हीच गोष्ट कोणाला माहीत नसते. भाऊजींनी त्या दिवशी एकही फोटो काढला नव्हता, ते वाढायला होते. त्यांच्याकडचे सगळे फोटो फोटोग्राफरने आणि पाहुण्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले. अँड्रॉइडमध्ये गुगल फोटोज आपल्या आपण फक्त कॅमेऱ्याचा फोल्डर वर नेतं. व्हॉट्सअॅपचे फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड, हे सगळे वेगळे फोल्डर, प्रत्येकाचं वेगळं बटण, ते तुम्ही स्वतः जाऊन चालू करायचं. ज्याला आपण 'बॅकअप' म्हणतो ती एक गोष्टच नाही मुळी. फोनचा बॅकअप वेगळा, त्यात कॉन्टॅक्ट, कॉल, एसएमएस, सेटिंग, अॅपचा डेटा. फोटोंचा वेगळा. व्हॉट्सअॅपचा तिसराच, त्याच्याच सेटिंगमध्ये. घरात तीन कपाटं आहेत आणि आपण एकालाच कुलूप लावून गावाला जातो. शिवाय फोनचा जो बॅकअप आहे तो, फोन 57 दिवस वापरलाच नाही तर, पुसलाही जाऊ शकतो, म्हणजे बंद पडलेला फोन ड्रॉवरमध्ये टाकून "बघू नंतर" म्हणायची सोय नाही.

आयफोनवाल्यांचा खेळ थोडा वेगळा. तिथे अॅपलच्या आयक्लाऊडवर फुकटचे 5 जीबीच. आणि आयक्लाऊड फोटोज चालू असेल तर फोटो तिकडे राहतात, आयक्लाऊड बॅकअपमध्ये ते परत घालत नाहीत. लोक बॅकअपचा आकडा बघतात, एवढासा, आणि घाबरतात की फोटो यात नाहीत! नाहीतच, ते दुसऱ्या खोलीत आहेत.

नानांचे फोटो शेवटी देवासला नणंदेच्या फोनमध्ये मिळाले, कारण ती कधी काही डिलीट करत नाही, त्यावरून आम्ही तिला किती चिडवायचो. औक्षणाचा फोटो त्यात होता, 81 दिव्यांचं तबक आणि दिव्यांच्या उजेडात नानांचा चष्मा. फ्रेम केला तेव्हा चेहरा जरा फाटला, व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो तो, लहान होऊनच आलेला. नाना म्हणतात, बरंय, सुरकुत्या दिसत नाहीत.

याच्या उलट झालं आमच्या रामबागेतल्या मावशीचं. तिचे फोटो सगळे व्यवस्थित वर गेलेले, मग तिने विचार केला की वर आहेत तर फोनमध्ये कशाला, आणि गुगल फोटोज उघडून तिथूनच दोन दुपारी बसून साफसफाई केली. तिथून डिलीट केलं की दोन्हीकडून जातं हो! आयक्लाऊड फोटोजचंही तेच, एका फोनमधून उडवला की त्या अकाउंटच्या सगळीकडून उडतो. फक्त फोनमधली जागा रिकामी करायची असेल तर त्यासाठी 'फ्री अप स्पेस' असं वेगळं बटण आहे, ते वर पोचलेलेच फोटो फोनमधून काढतं. मावशीचं नशीब की बॅकअप झालेले फोटो गुगलच्या कचरापेटीत 60 दिवस राहतात आणि तिला नातवाचा बारशाचा फोटो सातव्या आठवड्यात आठवला. आयफोनवर तीसच दिवस धरून चाला.

आता माझी गोष्ट, जी मी जिन्यात सांगत नाही.

सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं त्यानंतर त्या बरेच दिवस पडून होत्या आणि पाठीला खाली बेडसोर झाला. ड्रेसिंग करायला सिस्टर यायची, पट्टी काढली की मी फोनने फोटो काढायचा आणि डॉक्टरांना पाठवायचा, रोज दहा वाजता. पाठवला की काम झालं, माझ्या डोक्यात तो फोटो व्हॉट्सअॅपवर गेला आणि संपला. पण काढला होता कॅमेऱ्याने, म्हणजे कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये, म्हणजे वर. आणि माझा जुना टॅबलेट मी पुतण्याला अभ्यासाला दिलेला, माझं अकाउंट न काढता. दिवाळीच्या पहिल्या दिवशी पाहुणे बसलेले, त्याला मागच्या वर्षीची रांगोळी दाखवायची होती, त्याने टॅबलेटवर फोटो उघडले आणि वरवर सरकवत गेला. मी चहा घेऊन आले तेव्हा टॅबलेट सासूबाईंच्या मांडीवर होता. त्यांनी तो चष्म्याजवळ नेला आणि मला विचारलं, "हे माझं आहे का गं?"

त्यांनी ती जखम कधी बघितलीच नव्हती. पाठीला होती ना. आम्ही रोज "छान भरतेय" म्हणायचो. पुतण्या बिचारा लाल झाला, त्याची काहीच चूक नाही, पाहुण्यांनी चिवड्याची चौकशी सुरू केली. सासूबाई त्या दिवशी जेवल्या, बोलल्या, रात्री मला एवढंच म्हणाल्या की किती दिवस असं होतं ते मला सांगायचं होतंस.

त्या रात्री मी लॅपटॉपवर बसून माझे स्वतःचे फोटो पहिल्यांदा बघितले, गुगल फोटोजची साइट उघडून, फोनवर नाही. फोनवर बघून काय वर आहे ते नीट कळत नाही, फोनमधलं आणि वरचं एकत्रच दिसतं. काय काय होतं! सगळ्यांची आधार कार्डं, माझी मॅमोग्राफी, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, ट्रायल रूममध्ये बहिणीला विचारायला काढलेले ब्लाउजचे फोटो. आणि सहा वर्षांपूर्वीच्या एका फोनमधलेही, जो फोन मी विकूनसुद्धा टाकला. बॅकअप बंद केला किंवा अॅप काढून टाकलं तरी जे वर गेलंय ते वरच राहतं, ते हाताने काढावं लागतं. मी ते काढायच्या आधी अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन बघितलं की कुठल्या कुठल्या उपकरणावर माझं अकाउंट उघडं आहे, आणि टॅबलेट तिथून बाहेर काढला. जखमेचे फोटो डॉक्टरांना लागतील म्हणून लॉक्ड फोल्डरमध्ये टाकले, तो कुलूप उघडल्याशिवाय दिसत नाही आणि गुगल आपणहून जुने फोटो समोर आणतं त्या मेमरीजमध्येही येत नाही. पण त्याचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो, आणि केलेला नसेल तर गुगल फोटोज अॅप काढलं की आतलं सगळं कायमचं जातं, हेही सांगून ठेवते, नाहीतर उद्या माझ्याच दारात याल.

तर तुमचे फोटो कुठे गेले ते फोन बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही. रविवारी अकरानंतर या, पोहे असतात. येताना जुना फोन आणि ईमेलचा पासवर्ड दोन्ही आणा, पासवर्ड विसरून येतात आणि मग माझाच अर्धा दिवस जातो.

यंदा भाऊजी गेरला फोन घरी ठेवून गेले. माझ्या डायनिंग टेबलावर, चार्जिंगला लावून. दुपारी बाराच्या सुमाराला तो वाजला म्हणून बघितलं, जागा जवळजवळ भरली आहे म्हणत होता. मी हात लावला नाही.