चालू विषयावरचा थेट फोन-इन कसा उभा राहतो

भारतात रेडिओवर चालू घडामोडींची चर्चा ऐकायची तर आकाशवाणीच लावावी लागते. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. खासगी एफएमच्या २०११च्या तिसऱ्या टप्प्याच्या सरकारी धोरणानं त्यांना आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा दिली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-वीज, आपत्तीच्या सूचना या गोष्टी ‘बातम्या’ धरायच्या नाहीत, असंही त्यात ठरलं. म्हणजे उद्या पाणी येणार नाही हे कोणताही आरजे सांगू शकतो. ते का येणार नाही आणि कुणाच्या वाट्याचं कुठं गेलं, यावर अर्धा तास वाद घालायला मात्र सार्वजनिक प्रसारणाचाच स्टुडिओ लागतो. तो अर्धा तास फुकट गेला तर रेडिओवर दुसरीकडे कुठं त्याची भरपाई होत नाही, म्हणून तो कसा उभा करतात हे तपशिलात लिहितो आहे.

पुण्याचं उदाहरण घेऊ. समजा, संध्याकाळी साडेसहाला पाणीकपातीवर थेट फोन-इन, म्हणजे श्रोत्यांनी फोन करून पाहुण्यांना प्रश्न विचारायचा कार्यक्रम आहे आणि सात वाजता बातम्या सहक्षेपित करायच्या आहेत. काम सकाळी सुरू होतं. सात वाजून दहा मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या, दोन-तीन वर्तमानपत्रांची शहराची पानं, महापालिकेचं पत्रक, पाटबंधारे खात्याचा धरणसाठ्याचा रोजचा तक्ता एवढं समोर ठेवून आधी विषय कापायचा. ‘पुण्याचा पाणीप्रश्न’ हा विषय नव्हेच. त्यावर तज्ज्ञ पानशेतपासून सुरू करतात, श्रोते आपल्या सोसायटीच्या टँकरवर येतात आणि दोघांची गाठ पडत नाही. विषयाच्या शेवटी प्रश्नचिन्ह असलं पाहिजे: ‘धरण भरलंय असं सांगतात, मग गुरुवारी नळ बंद का?’ बहुतेक चर्चा पडतात त्या इथंच, नंतर माइकवर कितीही चांगली माणसं आणली तरी.

दुसरं काम आकड्यांचं. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीत चार धरणं आहेत. त्यांचा उपयुक्त साठा पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७ टीएमसी, एकूण २९.१५. हे कागदावर ठीक दिसतं. कानाला दशांशचिन्ह ऐकू येत नाही. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, असं सांगून तर श्रोता अजूनच हरवतो. मराठीत यासाठी सोन्यासारखी सोय आहे, ती वापरावी: पानशेत साडेदहाच्या वर, वरसगाव पावणेतेराला टेकलेलं, टेमघर पावणेचारला जरा कमी, खडकवासला जेमतेम दोन. असं म्हटल्याबरोबर मुद्द्याची गोष्ट आपोआप उघडी पडते. सगळ्यात लहान धरण खडकवासला, आणि पुणेकरांच्या तोंडी नाव त्याचंच. ते नव्वद टक्के भरलं म्हणजे शहराचं पाणी नव्वद टक्के झालं असं नाही; साखळीच्या पंधराव्या हिश्शाएवढंच ते धरण आहे. ही एक गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत नीट सांगितली तर निम्मे रागावलेले फोन वेगळ्या, जास्त नेमक्या प्रश्नावर येतात.

पावसाळ्यात हाच गोंधळ क्युसेकचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. ‘मुठेत ३५ हजार क्युसेक विसर्ग’ म्हणजे सेकंदाला सुमारे दहा लाख लिटर, दहा हजार लिटरचे शंभर टँकर दर सेकंदाला. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा सगळा वाद आधी सूचना मिळाली की नाही याचा होता. पण विसर्गाचा आकडा कळणं वेगळं आणि तो आपल्या पार्किंगपर्यंत येणार का हे कळणं वेगळं. दुसरं सांगू शकेल असा माणूस स्टुडिओत हवा.

पाहुणे दोन. तीन चालतील, चार कधीच नाहीत. चेहरा दिसत नसल्यानं चार पुरुषी आवाज दहा मिनिटांत एकमेकांत मिसळतात आणि ‘सर, मला इथे असं म्हणायचंय’ हे कुठले सर म्हणतायत ते कळेनासं होतं. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये पंत, टेकाडे भावजी आणि मीनावहिनी रोजच्या घडामोडींवर बोलत. त्या तिघांत पहिल्या शब्दाला माणूस ओळखू यायचा, आणि कार्यक्रम लक्षात राहण्यात त्याचा वाटा संहितेइतकाच होता. तेव्हा पाहुणे निवडताना पद बघाल तसा आवाजही बघा, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. निवेदकानं दर वेळी नाव आणि बाजू दोन्ही म्हणावी, ‘पाणीपुरवठा खात्याकडून’ असं. दर सात-आठ मिनिटांनी कुणीतरी नव्यानं रेडिओ लावलेला असतो.

दुपारी पाहुण्यांशी दहा मिनिटं फोनवर बोलून घ्यायचं. मुद्दे सांगायचे, पण प्रश्न शब्दशः पाठवायचे नाहीत. पाठवले की अधिकारी उत्तरं टाइप करून आणतात आणि वाचतात. वाचन तर शेंबडं पोरही ओळखतं. तरीही टिपण आलंच तर हिसकावून घेण्यात अर्थ नाही. त्यातला एकच आकडा विचारायचा, तो कुठून आला ते विचारायचं, की मान कागदावरून वर येते. ‘आवर्तन’ (कालव्यातून ठरावीक काळ सोडलेलं पाणी), ‘दलघमी’ (दशलक्ष घनमीटर), ‘मृतसाठा’ (धरणाच्या तळाचा, सहसा न वापरता येणारा साठा) हे शब्द पहिल्यांदा आले तिथेच निवेदकानं थांबवून फोड करून घ्यायची. यात पाहुण्याचा अपमान वगैरे काही नसतो.

मग कायदा. आकाशवाणीच्या प्रसारण संहितेत काय बोलायचं नाही याची यादी आहे: मित्रराष्ट्रांवर टीका, धर्म वा समाजगटावर हल्ला, बदनामी, हिंसेला चिथावणी, न्यायालयाचा अवमान, नाव घेऊन राजकीय पक्षावर हल्ला, केंद्र किंवा राज्य सरकारवर वैरभावानं टीका. या शेवटच्या कलमाचा अर्थ अनेकदा गरजेपेक्षा घट्ट लावला जातो. ‘टँकरचं वेळापत्रक का पाळलं जात नाही’ हा प्रश्न वैरभावात बसत नाही, आणि तो न विचारलेला फोन-इन म्हणजे लांबलेली जाहिरात. निवडणुकीच्या काळात मात्र थेट फोन नकोच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६नुसार प्रचारबंदीचे, मतदान संपण्याआधीचे ४८ तास आले की ध्वनिमुद्रित कार्यक्रम लावलेला बरा. लैंगिक अत्याचारावर चर्चा असेल तर पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही येता कामा नये. त्यात गाव, शाळा, नातेवाइकाचं नाव हे सगळं धरलं जातं. श्रोता बोलण्याच्या ओघात नेमकं तेच सांगतो.

फोनवर बसणारी व्यक्ती हीच या कार्यक्रमाची खरी संपादक. तिनं चार गोष्टी चिठ्ठीवर लिहायच्या: नाव, गाव किंवा पेठ, एका वाक्यात प्रश्न, नंबर. आणि फोन ठेवून आपण उलटा लावायचा. धरून ठेवलेला श्रोता पाच मिनिटांत कंटाळतो, बस पकडतो, आणि हवेत येतो तेव्हा मागे कंडक्टर तिकीट मागत असतो. उलट्या फोनमुळे टवाळखोरही गळतात. श्रोत्याला आधीच सांगून टाकायचं की कार्यक्रमाची स्तुती आणि सगळ्यांची विचारपूस आत्ता माझ्याजवळ करा, हवेवर थेट प्रश्नानं सुरुवात करा. त्यात प्रत्येक फोनमागे अर्धा मिनिट वाचतो. रोज लावणारे तेच ते दहाजण असतात, आवडीचे असतात, तरी महिन्यात एकदाच. धनकवडीहून, लोहगावहून पहिल्यांदा लावणाऱ्या बाईंची चिठ्ठी वर ठेवायची.

तिनं आणखी एक सूचना द्यायचीच: घरातला रेडिओ बंद करा. ती नुसती शिट्टी वाजू नये म्हणून नसते. अॅपवर किंवा इंटरनेटवर ऐकणाऱ्यापर्यंत आवाज कित्येक सेकंद उशिरा पोचतो. श्रोता स्वतःचंच मागचं वाक्य ऐकून अडखळतो, मग ‘हॅलो, हॅलो’ सुरू होतं. रेडिओ बंद असूनही त्याला स्वतःचा आवाज परत येत असेल तर दोष स्टुडिओतला. टेलिफोन हायब्रिडमधून, म्हणजे फोनची लाइन स्टुडिओच्या आवाजाला जोडणाऱ्या यंत्रातून, त्याच्याकडे जाणाऱ्या आवाजातून त्याचाच आवाज वजा केलेला नाही. हे सहा वाजता एक चाचणी फोन करून तपासता येतं. साडेसहाला तपासायला गेलात तर उशीर झालेला असतो.

साध्या फोनवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा येतो. वरचे सूर कापले गेल्यानं ‘सात’ आणि ‘साठ’ एकसारखे ऐकू येतात, एकोणसाठ-एकोणसत्तरचंही तेच. श्रोत्यानं आकडा सांगितला की निवेदकानं तो फोडून परत म्हणावा: ‘साठ, सहा-शून्य, बरोबर?’ स्टुडिओतल्या माइकचा त्रास वेगळा. तोंड आणि माइकमध्ये एक वीत अंतर, आणि माइक तोंडासमोर नको, किंचित बाजूला. नाही तर ‘फ’ आणि ‘भ’ला हवा आपटते. बांगड्या, कडी, खिशातलं नाणं, करकरणारी खुर्ची हे सगळं आधी बाजूला करायचं. पाहुण्यांचे मोबाइल सायलेंट करून भागत नाही, बाहेर ठेवायला सांगायचे. टेबलावर थरथरणारा फोन माइकच्या स्टँडमधून आत येतो.

वेळेचं गणित उलटं मांडायचं, सातपासून मागे. संकेतधून आणि निवेदन मिळून एक मिनिट, दोन्ही पाहुण्यांची पहिली बाजू दीड-दीड मिनिट: चार मिनिटं झाली. सव्वीसाव्या मिनिटाला फोन बंद करायचे. मधली बावीस मिनिटं. प्रश्नाला चाळीस सेकंद, उत्तराला दीड मिनिट, एक उपप्रश्न आणि निवेदकाचा सांधा धरला तर फोनमागे पावणेतीन ते तीन मिनिटं, म्हणजे सात फोन, फार तर आठ. क्यू शीटवर, म्हणजे कार्यक्रमाच्या मिनिटवार आराखड्यावर, पंधरा लिहून ठेवणारे उत्साही लोक शेवटी ‘थोडक्यात सांगा’चा गजर करतात. शेवटची दोन मिनिटं पाहुण्यांची. त्यानंतर सांभाळून घ्यायला दीड मिनिटाची धून साडेअठ्ठाविसाव्या मिनिटाला फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) बंद ठेवून सुरू करायची, ती बरोबर साताला संपते. बोलणं कधीही संपो, फेडर वर केला की धून मधूनच पण वेळेत निघते आणि बातम्यांच्या आधी पोकळी राहत नाही. नुसती शांतता तीन-चार सेकंद गेली तरी मध्यम लहरींवर खरखरीत ऐकणाऱ्याला केंद्र गेलंय असं वाटतं आणि तो बटण फिरवतो.

श्रोत्यानं अधिकाऱ्याचं नाव घेऊन ‘पैसे खातो’ म्हटलं तर? जिथं काही सेकंदांचा विलंब देणारं यंत्र आहे तिथं बटण दाबून ते वाक्य गाळता येतं. नसेल तिथं निवेदकाचा वेग हाच उपाय. फोन लगेच कापायचा नाही. ‘नाव नको, वॉर्ड सांगा आणि पाणी किती दिवस आलं नाही ते सांगा’ असं म्हणून तक्रार जिवंत ठेवायची, आरोप सोडून द्यायचा, आणि कंट्रोल रूमनं वेळेची नोंद करायची, म्हणजे पुनःप्रसारणाआधी तो भाग कापता येतो. पाहुण्यानं चुकीचा आकडा दिला आणि सहकाऱ्यानं इंटरकॉमवर कळवलं तर त्याच कार्यक्रमात दुरुस्ती करावी, फक्त बरोबर आकडा सांगून. चुकीचा परत उच्चारला की तोच लक्षात राहतो.

सातनंतर चिठ्ठ्या उरतात, कधी वीस-पंचवीस. बीबीसी रेडिओ ४ वर ‘एनी क्वेश्चन्स’ या परिसंवादाच्या जोडीला श्रोत्यांसाठी ‘एनी आन्सर्स’ हा वेगळाच कार्यक्रम आहे. आपल्याकडे फिक्स्ड पॉइंट चार्टमध्ये, म्हणजे केंद्राच्या ठरलेल्या वेळापत्रकात, तेवढी जागा मिळणं कठीण, पण दोन मिनिटं मिळतात. उरलेल्या चिठ्ठ्यांतले एकसारखे प्रश्न एकत्र करायचे, ज्यांचं उत्तर खात्यानंच द्यायला हवं असे दोन निवडायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खात्याच्या अधिकाऱ्याचं उत्तर फोनवर मुद्रित करून त्याच दिवशी साडेसहाच्या आधी लावायचं. ‘बघतो’ एवढंच उत्तर आलं तर तेही तसंच लावायचं, तारखेसकट.