एकदाच दाबलं होतं गो

रात्रीचे साडेबारा. आप्पांच्या छोट्या रेल्वेचं फाटक उघडलं, पण झोप येत नाहीये.

पंधरा दिवस ते बंद होतं. लाल यष्टी त्याच्यापुढे तशीच उभी. घरात काही बिघडलं की ते माझ्याच पुढ्यात येतं. शाळेच्या वह्या, स्वयंपाक, औषधांच्या वेळा, आणि वर हे. दादाचं काय जातं फोनवरून "नवीन मागव" म्हणायला! आप्पांनी प्लायवूड कापून कोकण रेल्वेचा पानवलचा पूल केलाय. खरा 64 मीटर उंच, म्हणून 1:87 च्या मापात जवळजवळ 74 सेंटिमीटर. त्याच्या अलीकडे विकतचं फाटक? जाऊ दे.

आज बोर्ड उघडून बसले. मोटर फिरवणारी आयसी, म्हणजे चिप, एल-293-डी. वर जाण्याचा हुकूम दिला की तिच्या 2 नंबरच्या पायाला 5 व्होल्ट मिळत होते, पण 3 नंबरवर, जिथून मोटरकडे 12 च्या आसपास जायला हवेत, तिथे शून्य. दांडी खाली आणणारी बाजू मात्र ठीक. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एक शिल्लक होती, ती बसवणारच होते. मग मनात आलं, वर नेणारी बाजूच का जळावी?

वरच्या टोकाला चिमुकला लिमिट स्विच आहे. दांडी उभी झाली की तो दाबला जातो आणि बोर्डाला कळतं, आता थांब. तो दाबून मल्टिमीटर लावला. बीप नाही. खोलून पाहिलं तर आतल्या पत्तीवर हिरवट थर. खारं वारं. आप्पांना समुद्राकडची खिडकी बंद केलेली चालत नाही. थांबायचा निरोप पोचलाच नाही, आणि मोटर उभ्या दांडीला रेटत राहिली. अडलेली मोटर 900 मिलिअँपिअर ओढते, आत्ताच मोजले. ही आयसी सतत 600 च झेलते.

म्हणजे बटणाचा संबंधच नव्हता.

आणि मी सगळ्यांसमोर काय बोलले! "सारखं बटण दाबत बसता, मग जळणार नाही तर काय?" ते एवढंच म्हणाले, "एकदाच दाबलं होतं गो." मी ऐकलंच नाही. हात कापतात ना, म्हणजे चूक त्यांचीच, हे मी मीटर हातात घेण्याआधीच ठरवलं होतं. तेव्हापासून ते त्या खोलीकडे फिरकलेले नाहीत. पंधरा दिवस. मला वाटलं, गुडघा दुखत असेल. आईलाही मी असंच...

एकदाच दाबलं होतं.

स्विच नवा घातला, आयसी या वेळी बेसमध्ये बसवली, सोल्डरवर बिनरंगी नेलपॉलिश फिरवलं. वारं काही मी अडवू शकणार नाही आणि खिडकी उघडीच राहणार. दर गणपतीआधी स्विच तपासायचा, एवढं जमेल. सकाळी चहाच्या वेळी आप्पांना सांगायचंय. आधी स्विचचं सांगू की माझं, हे अजून ठरत नाहीये.

फाटक वर आहे. यष्टी मी हलवलेली नाही. ती त्यांनीच पुढे काढावी.