तुम्ही विचारलंत म्हणून: 'रन'चे अर्थ किती पाठ करायचे?

लातूरला स्पोकन इंग्लिश शिकवतो म्हणलं की कुणी ना कुणी विचारतंच, सर इंग्लिशमधे सगळ्यात जास्त अर्थ कोणत्या शब्दाचे आणि त्यातले परीक्षेला किती करून जायचे. लातूर पॅटर्नचं गाव हे, पाठांतराला इथं कुणी भीत नाही, आकडा तेवढा सांगा म्हणतात. तर घ्या आकडा, ६४५. ऑक्सफर्ड डिक्शनरीवाल्यांनी 'रन' या नुसत्या क्रियापदाचे एवढे अर्थ मोजलेत, आणि पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांचे त्या एका शब्दात नऊ महिने गेले. त्याच्या आधी 'सेट' पुढं होता, १९८९ च्या आवृत्तीत त्याचे चारशेच्या वर अर्थ होते.

आता ६४५ पाठ करायलात का? नका करू बाबांनो. माणूस पळतो, पाणी वाहतं, मग मशिनी आल्या तशी गिरणी रन व्हायला लागली, रेल्वे रन व्हायला लागली, आता मोबाईलमधलं ॲप पण रनच होतं. न थांबता पुढं जात राहणं एवढं धरलं की बरेच अर्थ आपोआप लागतात.

२०१६ चा उन्हाळा आठवा. धनेगावचं मांजरा धरण आटलं, तर ते रन ड्राय. नळाला पाणी नाही, म्हणजे टॅप रन होत नाही. एप्रिलमधे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वॅगन, ५ लाख लिटर, ती गाडी रन केली. टँकर आला की घागरी घेऊन लोक पळायचे ते तर साधं सरळ रनच, आणि त्याच दुष्काळात ज्याचा टँकरचा धंदा जोरात चालला त्यानं पण बिझनेस रनच केला की! अजून कोणतं उदाहरण पाहिजे.

घोळ होतो तो क्रिकेटमुळं. पोरांना रन आऊट आधीपासून माहीत, त्यामुळं 'वुई रॅन आऊट ऑफ शुगर' वाचलं की एखादं पोरगं म्हणतंच, सर साखर आऊट झाली. तसं बघितलं तर चुकलं कुठं, संपली म्हणजे आऊटच.

निवडणुकीचं मात्र लक्षात ठेवावंच लागतं. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमधे 'स्टँड' करतो, आपल्याकडं पण उभाच राहतो, आणि मग बऱ्याचदा पडतो.

आणि इंग्लिशलाच नावं ठेवू नका, आपलं 'चालणं' काय कमी आहे का. दुकान चालतं, कोर्टात केस चालते, गणितात डोकं चालत नाही, वर 'चालतंय की' म्हणलं की भांडणच मिटतं. यातलं दुकान रनमधे बसतं, डोकं बसत नाही. परवानगी तर अजिबातच बसत नाही, तरी पोरं मेसेज टाकतात, सर टुमारो आय नॉट कम, विल इट रन?