गाडी कुठून कुठे जाते? आमच्या गॅरेजची वाटचाल

1998 साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आम्ही भाड्याने गाळा घेतला, तेव्हा भांडवल म्हणजे खाली उतरून काम करायचा एक खड्डा, दोन जॅक, पान्यांचा सेट आणि आमचे वस्ताद. वस्तादांचं सगळं आयुष्य पद्मिनी आणि अँबेसिडर उघडण्यात गेलेलं. मी त्यांच्या हाताखाली हेल्पर म्हणून शिकलो आणि स्वतःचा गाळा घेतला तेव्हा त्यांनाच सोबत घेऊन आलो. हिशेब सौ. बघायची. आजही तीच बघते, फक्त वहीच्या जोडीला आता कॉम्प्युटर आहे.

त्या काळी गॅरेजला गिऱ्हाईक शोधावं लागत नसे. पद्मिनीचे पॉइंट घासायचे, प्लग साफ करायचे, कार्ब्युरेटर ट्यून करायचा, ग्रीसिंग करायचं. यातलं काही राहिलं की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची आणि सोसायटीतल्या चार जणांना धक्का मारायला बोलवावं लागायचं. गाडीच मालकाला गॅरेजची आठवण करून द्यायची. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. पुढे 2000 च्या सुमारास तिचाही कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणारं इंजेक्शन आलं आणि गाड्या सोशिक झाल्या. एअर फिल्टर तुंबलेला असो, प्लग झिजलेला असो, कॉम्प्युटर इकडचं तिकडे करून सांभाळून घेतो. मालकाला कळतं ते ॲव्हरेज पडल्यावर किंवा गाडी रस्त्यात बसल्यावर. आमच्याकडे ट्यूनिंगला येणाऱ्या गाड्या कमी झाल्या आणि टोचन लावून येणाऱ्या वाढल्या.

तुम्ही म्हणाल, गॅरेजवाल्याला मोठं काम मिळालं तर चांगलंच की! इंजिनच्या कामात बिल मोठं होतं हे खरं. पण ते काम दोन आठवडे जागा अडवतं, स्पेअरचे पैसे आधी आपल्या खिशातून जातात आणि गाडी गेल्यावरही 'आवाज येतोय' म्हणून दहा फोन येतात. गाळ्याचं भाडं आणि पोरांचा पगार निघतो तो साध्या सर्व्हिसवर. त्यामुळे मेंटेनन्सबद्दल मी घसा कोरडा करतो त्यात माझा स्वार्थ आहेच. गिऱ्हाइकाचाही आहे. छोट्या गाडीचं ऑइल आणि फिल्टर अडीच-तीन हजारांत होतं. इंजिन खोललं की पन्नास हजारांच्या खाली कुठलाच आकडा मी सांगू शकत नाही.

26 जुलै 2005 चा पाऊस आमच्या धंद्याला वळण देऊन गेला. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि ठाण्यातही पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांची आमच्या दारात रांग लागली. त्यातल्या कितीतरी गाड्या नुसत्या पाण्यात उभ्या होत्या, त्या वाचल्या. पाणी ओसरल्यावर 'चालू होतेय का बघू' म्हणून ज्यांनी सेल्फ मारला, त्यांचं इंजिन गेलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेले रॉड आम्ही टेबलावर मांडून ठेवायचो आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचो. तेव्हापासून दर जूनच्या सुरुवातीला सौ. गिऱ्हाइकांना फोन करते (आता व्हॉट्सॲप): पाण्यात बंद पडली तर चावीला हात लावू नका, आम्हाला बोलवा.

याच फोनांमधून पुढे आमची वही सुरू झाली. एका पानावर एक गाडी: नंबर, कधी आली, काय बदललं, पुढे काय येणार. अशा वह्या सगळेच ठेवतात. आमच्या वहीत आणखी एक रकाना आहे, 'गाडी कुठून कुठे जाते'. नवीन गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच. लोकांना आधी वाटतं, हा उगाच चौकशी करतोय.

त्याचं कारण घोडबंदर रोड. आमच्याकडे सारख्याच मॉडेलच्या दोन गाड्या येतात. एक साहेब कासारवडवलीहून ऐरोलीला ऑफिसला जातात. वीसेक किलोमीटर, लागतो सव्वा तास. म्हणजे सरासरी ताशी 16 किलोमीटर. दुसरे साहेब कामानिमित्त नाशिकला ये-जा करतात, त्यांची सरासरी 50 च्या आसपास पडते. दोघांच्याही मीटरवर 10,000 किलोमीटर झाले, तेव्हा नाशिकवाल्यांचं इंजिन साधारण 200 तास फिरलेलं होतं आणि ऐरोलीवाल्यांचं सव्वासहाशे तास. सिग्नलला, माजिवड्याच्या जॅममध्ये, मेट्रोच्या पत्र्यांच्या कडेला गाडी उभी असते, इंजिन फिरत असतं, मीटर हलत नाही. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत बहुधा हे लिहिलेलं असतं: खडतर वापर असेल तर ऑइल लवकर बदला, आणि खडतर वापरात धूळ, सततचा ट्रॅफिक, छोट्या छोट्या फेऱ्या हे सगळं येतं. लोकांना खडतर म्हणजे लडाख वाटतं. ठाण्यातली निम्मी माणसं रोज त्याच सदरात मोडतात. ऐरोलीवाल्यांचं ऑइल आम्ही 6,000 ला बदलतो, नाशिकवाल्यांना 10,000 पर्यंत हात लावत नाही.

घोडबंदर रोडवर मेट्रो 4 चं काम सुरू झाल्यापासून त्या पट्ट्यातल्या गाड्यांचे एअर फिल्टर बघण्यासारखे झाले. फिल्टर काढून टेबलावर आपटला की सिमेंटच्या रंगाची भुकटी पडते आणि कागदाच्या घड्या दिसायला लागतात. एसीच्या फिल्टरचीही तीच गत. 'एसी गार होत नाही, गॅस भरा' म्हणून आलेल्या गाडीचा आधी तो फिल्टर काढायचा, असा आमच्या पोरांना नियमच आहे. बऱ्याचदा गॅस भरावाच लागत नाही.

उलट टोकाच्या गिऱ्हाईक म्हणजे वसंत विहारच्या एक काकू. गाडी जाते मंदिरात, भाजीला आणि नातवाला क्लासला सोडायला. वर्षात अडीच हजार किलोमीटरसुद्धा होत नाहीत.

"काकू, वर्ष झालं, ऑइल बदलूया."

"अरे, गाडी चाललीच कुठे? मागच्या वेळचं अजून नवंच असेल ते."

मी त्यांना बॉनेटपाशी बोलावलं आणि ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण उघडून उलटं करून हातात दिलं. आतल्या बाजूला पिवळट फेसाचा थर होता. दोन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापतच नाही, आत जमलेली वाफ आणि न जळलेलं थोडं पेट्रोल उडून जात नाही, ते ऑइलमध्येच मुरतं. काकूंनी झाकण नाकाशी नेलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "बदल बाबा." आता आठवड्यातून एकदा नातू त्यांची गाडी मुलुंडपर्यंत फिरवून आणतो.

ऑइल वेळेवर न बदललेलं इंजिन उघडलं की आत काकवीसारखं काळं, घट्ट काहीतरी बसलेलं असतं. टर्बोच्या गाडीत त्याने ऑइलची बारीक वाट बंद झाली की टर्बोची बेअरिंग कोरडी फिरते आणि तिथून पुढचं बिल ऐकायला माणूस खुर्चीवर बसलेला बरा.

श्रावण लागला की आमची सगळ्यात मोठी गर्दी सुरू होते. 'गणपतीला गावी जायचंय, गाडी बघून ठेवा.' ठाण्यातला अर्धा कोकण तेव्हा आमच्या दारात. बहुतेकांना हवा, पाणी, वायपर एवढंच बघून हवं असतं. आम्ही आधी ब्रेक ऑइल बघतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्या हवेत ओलीला तोटा नाही. नवं 'डॉट 4' प्रतीचं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तोच आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो. ठाण्यात ब्रेक इतका तापत नाही, म्हणून काही जाणवत नाही. भरलेली गाडी, टपावर सामान, परशुराम घाटाचा उतार आणि सारखा ब्रेकवर पाय असं झालं की पाइपात वाफ होते आणि पेडल तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं, किलोमीटर कितीही असोत. टायरचंही तसंच. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरला आली की खाचेतल्या छोट्या उंचवट्याशी टायर समान होतो, तो कायद्याने बाद. पावसात तोपर्यंत थांबूच नये असं माझं मत. आणि कृपा करून निघायच्या आदल्या संध्याकाळी येऊ नका. दोन आठवडे आधी या. लोअर आर्म किंवा शॉकअप मागवायची वेळ आली तर चतुर्थीच्या तोंडावर स्पेअर मिळत नाही.

कूलंटबद्दल एवढंच की नळाचं पाणी ओतू नका. आत गंज आणि क्षार धरतात, वॉटर बॉडी खाल्ली जाते, एखाद्या मे महिन्यात काटा लाल रेघेला टेकतो आणि हेड वाकतं. सीएनजीवाल्यांनी टाकीत थोडं पेट्रोल कायम ठेवावं आणि अधूनमधून गाडी पेट्रोलवर चालवावी, नाहीतर पेट्रोल पंप जातो. गॅसच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) दर तीन वर्षांनी करायचीच, तिथे चालढकल नको.

मेंटेनन्सच्या नावाखाली काय काय विकलं जातं त्यावरही बोललं पाहिजे. इंजिन फ्लश, इंजेक्टरची 'ट्रीटमेंट', ऑइलमध्ये ओतायच्या बाटल्या, दर सर्व्हिसला थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. विकणारे आमच्याकडेही येतात, कमिशन चांगलं असतं. आम्ही ठेवत नाही. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनला फ्लश लागत नाही, आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या इंजिनात फ्लश ओतला तर सुटलेली घाण ऑइलच्या जाळीत जाऊन अडकू शकते. चकाकी आणणारं कोटिंग हौस म्हणून जरूर करा, पण त्याला मेंटेनन्स म्हणू नका. दोन लाख किलोमीटर झालेल्या, पत्रा फिका पडलेल्या पण इंजिन ठणठणीत असलेल्या गाड्या माझ्या वहीत आहेत आणि मला त्यांचाच अभिमान आहे.

विश्वासासाठी दोन सवयी आम्ही वस्तादांच्या काळापासून पाळल्या. काढलेला पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवायचा. आणि ऑइलचा रिकामा डबा त्याच्यासमोर फोडायचा, म्हणजे त्यात नकली ऑइल भरून तो पुन्हा बाजारात जात नाही. भंगारवाला अखंड डब्याला जास्त पैसे देतो, म्हणूनच फोडायचा.

पुढची वर्षं खर्चाची गेली. नव्या गाड्यांना स्कॅनरशिवाय हात लावता येईना आणि कंपन्यांचे पार्ट बाहेरच्या गॅरेजला सहज मिळेनात. 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने याच कारणावरून 14 कार कंपन्यांना दंड केला, तेव्हा आमच्यासारख्यांना पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी ऐकतंय. 2017 मध्ये जीएसटी आला, सौ.च्या रात्री जागण्यात गेल्या. एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचा बीएस-6 नियम आला. त्या डिझेल गाड्यांच्या डीपीएफला, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला, साचलेली काजळी जाळायला मोकळा रस्ता लागतो. घोडबंदरला अडकलेल्या गाडीला तो मिळत नाही, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. अशा मालकाला आम्ही आधी सांगतो, नाशिक हायवेला वीसेक मिनिटं एकसारख्या वेगात चालवून या. पुष्कळदा दिवा तिथेच विझतो. ज्यांची वाट रोज शहरातलीच आहे, त्यांनी डिझेल घेऊच नये, हे आम्ही गाडी घेण्याआधी विचारायला येणाऱ्यांना स्पष्ट सांगतो.

लॉकडाऊनमध्ये उभ्या गाड्यांनी वेगळंच शिकवलं. उतरलेल्या बॅटऱ्या, हँडब्रेकवर महिनोन् महिने ठेवल्याने ड्रमला चिकटलेले लायनर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. गाडी उभी असते तेव्हाही तिचं काही ना काही चालू असतं.

वस्ताद आता गावी असतात. त्यांच्या जागी आयटीआयतून आलेली दोन पोरं तयार झाली आहेत, त्यातला एक इलेक्ट्रिक गाड्यांचं शिकून आला. नारिंगी केबल दिसली की रबरी हातमोजे घातल्याशिवाय बॉनेटमध्ये हात नाही, हे तो मलाच सुनावतो. ईव्हीला इंजिन ऑइल नाही, म्हणून मालक निर्धास्त असतात. ब्रेक ऑइल, बॅटरीचं कूलंट, एसीचा फिल्टर तिलाही आहे. मात्र आमच्याकडे येणाऱ्या ईव्हींचं सगळ्यात जास्त काम टायरचं निघतं. वजन जास्त, पिकअप जास्त, त्यात अलाइनमेंट हुकलेली असेल तर टायर आतल्या कडेने खाल्ला जातो आणि बाहेरून बघणाऱ्याला कळतही नाही. अलाइनमेंटसाठी आम्ही आजवर गाडी दुसरीकडे पाठवत होतो. आता मशीन आपलंच घ्यायचं ठरलंय. मागचा गाळा रिकामा होतोय, डिपॉझिटवरून बोलणी चालू आहेत.